बायको पाव शिकायला गेली!

आमच्या ऑफिसात हल्ली मी डबा उघडला की 'भाजी कसली?' असं कोणी विचारत नाही. 'वहिनींचं पुढे काय झालं?' असं विचारतात. आधी मी आपलं एखादं वाक्य सांगायचो. ते संपायच्या आत घरी नवीन काहीतरी घडायचं. मग जुनं अर्धवट सोडून नवीन सांगायचो. असं करता करता इतके किस्से साचलेत की कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा हे मलाच नीट लागत नाही. खरं सांगायचं तर यातल्या निम्म्या गोष्टी घडल्या तेव्हा मला कळल्याच नव्हत्या. उरलेल्या अजून कळलेल्या नाहीत!

आधी घरातली माणसं सांगतो. आम्ही बोरीवली पूर्वेला राहतो. मी, बायको वंदना, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी मुक्ता आणि माझी आई. आई अकोल्याकडची. मुंबईत पंधरा वर्षं झाली तरी तिची वऱ्हाडी जशीच्या तशी आहे. वंदनानं अकरा वर्षं घरून डबे दिले. आणि मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. म्हणजे लोक सांगतात त्यावर चटकन विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळतो.

*

रविवार होता. वंदना मेथी निवडत बसली होती. मी पेपरातलं कोडं सोडवत होतो.

"मी शिकायला जातेय," ती म्हणाली. "पाव करायला."

"कुठे, दहिसरला?" दहिसरला कोणीतरी केकचे क्लास घेतं, एवढं माझ्या कानावर होतं.

"फ्रान्सला. दहा महिने."

मी "बरं" म्हटलं आणि आडवे सातचा शब्द शोधायला लागलो. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. शब्द सापडला, लिहिला, पेन खाली ठेवलं आणि मग माझ्या तोंडून निघालं, "कुठे??"

तोपर्यंत मेथी निवडून, धुऊन कढईत गेली होती!

आई देवघरापाशी वाती वळत होती. ती म्हणाली, "काहून वो वंदना, आपल्या घरचा गॅस संपला का?"

मुक्ता मात्र हसत होती. फॉर्म तिनंच भरून दिला होता. प्रवेश झाला होता, खर्चाची सोय वंदनानं कधीच करून ठेवली होती. मी म्हटलं, "अगं, मला कोणी सांगायचं की नाही?"

"पप्पा, तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तुम्ही 'हं' म्हणालात."

आता हे खरं होतं की खोटं, हे तपासायचं कसं? कागदपत्रं काहीच नाहीत!

मी वंदनाला एवढंच विचारलं की बावीस वर्षं तू उत्तम स्वयंपाक करतेस, आता आणखी काय शिकायचंय? ती म्हणाली, "पोळी येते, भाकरी येते, पुरी येते, घावन येतं. पाव तेवढा रोज दुसऱ्याकडून आणते."

मला वाटलं, पुढे काहीतरी आणखी सांगेल. पण तेच पूर्ण उत्तर होतं.

*

ते गाव म्हणजे ल्यों. असा उच्चार मुक्तानं शिकवला. पण कागदावर ते इंग्रजीत लिहिलेलं असतं आणि वाचणारा वाचतो 'लायन'.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पारेखभाई. माणूस प्रेमळ आणि उत्साही. त्यांनी नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरांत लावून टाकलं, 'बी विंगच्या वंदनाभाभी यांची लायन येथे निवड. हार्दिक अभिनंदन!'

आता बोरीवलीत राहणाऱ्या माणसाला लायन म्हटलं की एकच जागा आठवते. नॅशनल पार्क!

दोन दिवसांत अख्ख्या सोसायटीत पसरलं की वंदनाला पार्कातल्या सिंहांच्या खाण्यापिण्याचं काम मिळालंय. वॉचमननं मला गेटवर थांबवून विचारलं, "साहेब, वहिनी रोज येऊन-जाऊन करणार की तिथंच क्वार्टर देणार?" तळमजल्यावरच्या एका मावशींनी तर वंदनाचा हात हातात घेऊन सांगितलं, "जपून गं बाई. लांबूनच टाकत जा."

वंदना म्हणाली, "हो मावशी."

मी नंतर विचारलं, "तू खरं का नाही सांगितलंस?"

"सिंहांचं त्यांना पटलंय. पावाचं तुम्हालाही पटलेलं नाही."

*

व्हिसाच्या आधी एक मुलाखत होती. मी बाहेर बाकावर बसून होतो. वंदना अर्ध्या तासानं आली. चेहरा एकदम फ्रेश!

रिक्षात मी विचारलं, "काय विचारलं?"

"इतकी वर्षं स्वयंपाक करताय, मग आता कशाला शिकता, असं विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, मला आजवर कोणी मार्क दिलेले नाहीत. पहिल्यांदा घ्यावेसे वाटतायत. मुलाखत घेणाऱ्या बाई हसल्या. मग म्हणाल्या, दहा महिने जाणार, हे तुमच्या नवऱ्याला माहीत आहे का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, सांगितलंय. कळलंय की नाही ते माहीत नाही."

"म्हणजे काय?" मी म्हटलं.

रिक्षावाल्यानं आरशातून एकदा माझ्याकडे बघितलं आणि मीटरकडे बघत म्हणाला, "भाभी, व्हिसा पक्का समझो!"

*

शाळेकडून वस्तूंची यादी आली. पांढरे कोट, टोप्या, सुऱ्या वगैरे तिथेच मिळणार होतं. बूट मात्र इथून न्यायचे होते. काळे, न घसरणारे, पुढून पोलादी. तिथल्या किचनमध्ये पायावर जड काही पडलं तर बोटं वाचावीत म्हणून.

आम्ही स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. तिथे हेल्मेट, गमबूट, हातमोजे असला सगळा माल होता. दुकानदारानं वंदनाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कितने जोड़ी? साइट कहाँ है?"

"फ्रान्स," मी म्हटलं.

तो उभाच राहिला. "अरे वा! ब्रिज बन रहा है?"

"ब्रिज नहीं," वंदना म्हणाली. "ब्रेड."

त्यानं एवढंच विचारलं, "ब्रेड कितने टन का है?"

बूट सवयीचे व्हावेत म्हणून वंदना आठवडाभर घरात ते घालून वावरत होती. साडी आणि खाली ते बूट. खाडखाड आवाज. पोळ्या करायलाही तसंच उभं राहायचं. खालच्या मजल्यावरून दोनदा निरोप आला की फर्निचरचं काम चालू असेल तर दुपारी बंद ठेवा. आई आधी नुसती बघत राहिली. मग शेजारच्या बाईला दारातच सांगितलं, "पाव शिकाले जातो म्हंते. मले त मिलिटरीत भरती झाल्यासारखी दिसून राह्यली!"

*

मग ती गेली. एअरपोर्टवर काय झालं ते सांगत नाही, त्यात किस्सा नाही.

आठवड्याभरानं एकदा आईचे गुडघे धरले होते, म्हणून मी वरणाला फोडणी द्यायला उभा राहिलो. वंदनानं सगळ्या डब्यांवर नावं लिहून चिकटवली होती. म्हटलं, काम सोपं आहे. 'जिरं' लिहिलेला डबा उघडला, तर आत साबुदाणा! 'रवा' उघडला, तर आत शेंगदाण्याचं कूट. मी फ्रान्सला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे सकाळ होती, ती बूट बांधत होती.

"जिरं कुठे आहे?"

"ओवा लिहिलंय त्यात."

"मग ओवा?"

"ओवा संपलाय."

"अगं, पण जिऱ्यावर ओवा का लिहिलंय?"

"तो डबा आधी ओव्याचा होता."

"मग नाव बदलायचं ना!"

"कशाला? मला माहितीये ना आत काय आहे!"

मी तिथेच कढईसमोर उभा. बावीस वर्षं मी या घरात राहतोय. आमच्या घरात साबुदाणा कुठल्या नावाखाली ठेवतात हे मला माहीत नव्हतं! त्या दिवशी मी सगळे डबे उघडून बघितले आणि नवीन लेबलं लावली. मुक्ता म्हणाली, "पप्पा, आई आल्यावर तिला काही सापडणार नाही." मग मी जुनी लेबलं पुन्हा लावून ठेवली.

*

तिच्या शाळेत एक म्हातारा शेफ होता. फार कडक. पाव आतपर्यंत भाजायचा तर भट्टी मंदच हवी, हे त्याचं ठरलेलं वाक्य. पाव भट्टीतून निघाला की तो उलटा करायचा, खालून बोटानं वाजवायचा, कान लावून ऐकायचा आणि मग मार्क द्यायचा. वंदनाचा पहिला पाव त्यानं वाजवला, ऐकला, काही न बोलता बाजूला ठेवला. नापास!

तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती. मी सत्तर-ऐंशी हजारांचे क्लेम नाकारतो, समोरची माणसं रडतात, तेव्हा मला बोलायला सुचतं. इथे काही सुचेना. मी म्हटलं, "पुन्हा वाजवायला सांग ना." ती जास्तच रडायला लागली.

आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "थो मास्तर पाव वाजवून पाह्यते? मडकं हाय का थे?" मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "रडू नको वो पोरी. लग्न होऊन आल्ती तवा तुही पह्यली भाकर मी गाईले देल्ली होती. आता करते का नाई झकास?"

तिकडे रडणं टप्पकन थांबलं.

"आई. तुम्ही म्हणाला होतात, तुम्ही खाल्ली!"

आईनं फोन कानापासून जरा लांब धरला.

"तुम्ही म्हणाला होतात, गोड लागली!"

आईनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घे, तुह्याशी बोलते म्हंते."

वंदना माझ्याशी काही बोलणार नव्हती. ती चार दिवस कुणाशीच बोलली नाही. पाचव्या दिवशी मुक्ताला मेसेज आला. पाव पास झाला होता. खाली फक्त एक ओळ होती, 'आजींना सांग, हा गायीला दिला नाही.'

*

तिथल्या किचनमध्ये शेफनं काही सांगितलं की सगळ्यांनी मोठ्यानं ओरडायचं, "वी, शेफ!" म्हणजे 'हो, शेफ.' हे इतकं अंगवळणी पडलं की ती फोनवरही तसंच बोलायला लागली. मी म्हणायचो, "जेवलीस का?" ती म्हणायची, "वी, शेफ!"

आईला कमी ऐकू येतं. तिनं मला भाजी आणायला पाठवलं, "शेपू आन. वंदना रोज आठवन काढून राह्यली." मी आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन दिवस आम्ही शेपू खाल्ली. चौथ्या दिवशी मुक्तानं ताट सरकवलं आणि आजीला सगळं समजावून सांगितलं. आईनं नीट ऐकून घेतलं.

"असं व्हय. मास्तरले शेपू म्हंतेत?"

"हो आजी. शेफ."

"बापा!" आई म्हणाली. "म्हनूनच थो असा कडवट हाय."

*

आता यातला एक किस्सा मी ऑफिसात अर्धाच सांगतो. सातव्या महिन्यात वंदनाचा फोन आला. एका बेकरीवाल्या बाईंनी तिला विचारलं होतं, कोर्स संपल्यावर आणखी एक वर्ष राहा, माझ्याकडे काम कर.

"मी काय करू?" तिनं विचारलं.

मी विचार करून म्हटलं, "तू ठरव. तुला हवं तसं कर."

"म्हणजे मी आले काय, न आले काय, तुम्हाला सारखंच!" फोन बंद.

दोन दिवस मी झोपलो नाही नीट. तिसऱ्या दिवशी मीच फोन केला. म्हटलं, "हे बघ, तू परत ये."

"म्हणजे मी इथे एवढं शिकले त्याची तुम्हाला काही किंमतच नाही!" फोन बंद.

मी मुक्ताला म्हटलं, "एकदा तू ठरव म्हटलं, ते चुकलं. एकदा ये म्हटलं, तेही चुकलं. मग बरोबर काय?"

ती म्हणाली, "पप्पा, तिनं विचारलं 'मी काय करू'. तुम्ही उत्तर कशाला दिलंत?"

"प्रश्न विचारल्यावर उत्तर द्यायचं नाही?"

मुक्ता उठून आत गेली. आई म्हणाली, "तुह्या बापाचंबी असंच होतं." ते चांगलं होतं की वाईट, हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. नवीन नियम शिकलो होतो ना, प्रश्न-उत्तरांच्या भानगडीतच पडायचं नाही!

त्यानंतर तीन महिने वंदना हवापाणी बोलायची, पावाबद्दल बोलायची. राहणार की येणार, यावर एक शब्द नाही. मी रोज फोन ठेवल्यावर गॅलरीत जाऊन उभा राहायचो. तिच्या कुंड्यांना पाणी घालायचो. एक तुळस जास्त पाण्यानं कुजली.

*

आणि आता हा शेवटचा.

कोर्स संपला. समारंभ होता, तो घरच्यांना ऑनलाइन दिसणार होता. त्यांची दुपार, आपली संध्याकाळ. मुक्तानं तो टीव्हीवर लावला. पारेखभाई बायकोला घेऊन आले, बरोबर ढोकळा. तळमजल्यावरच्या मावशी आल्या. हॉल भरला.

प्रत्येक विद्यार्थ्यानं दोन मिनिटं बोलायचं होतं. वंदनाचं नाव पुकारलं. पांढरा कोट, खाली साडी, खाली ते बूट! ती माइकसमोर उभी राहिली आणि बोलायला लागली. फ्रेंचमध्ये!

आम्हाला एक अक्षर कळेना. मुक्तानं पटकन फोनवर भाषांतराचं ॲप लावलं आणि टीव्हीसमोर धरलं. ॲपमधली बाई एकसुरी आवाजात मराठी बोलायला लागली.

"माझी सासू खमीर आहे."

तिकडे हॉलमध्ये हशा. आईनं विचारलं, "खमीर म्हंजे?"

"पाव फुगवतं ते, आजी."

"मी कोनाले फुगवलं?"

"शूऽऽ!" पारेखभाई म्हणाले.

"माझा नवरा मंद भट्टी आहे."

तिकडे हसू नाही. मग तो म्हातारा शेफ उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. मग सगळा हॉल उभा राहिला! आमच्याकडे सगळे माझ्याकडे बघायला लागले. पारेखभाई हळूच म्हणाले, "मंद... मतलब अच्छा है?" मी म्हटलं, "माहीत नाही." आणि टाळ्या वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

मग ती आणखी एक वाक्य बोलली. ॲप म्हणालं, "मी जात आहे."

आणि चित्र थांबलं. टीव्हीवर नुसतं गोल गोल फिरायला लागलं.

"कहाँ?" पारेखभाई ओरडले.

कोणालाच माहीत नव्हतं. तिथून जाते म्हणजे इकडे येते? की त्या बेकरीत जाते? मावशी मला म्हणाल्या, "फोन लावा ना." मी लावला. लागला नाही. पुन्हा लावला. ढोकळ्याला कोणी हात लावेना. आईनं माझ्या दंडाला धरलं होतं, ते मला नंतर कळलं.

अर्ध्या तासानं तिचाच आला. मागे खूप गलबला होता, ग्लासांचे आवाज, लोक बोलतायत. मी गॅलरीत गेलो.

"कुठे जातेयस?" मी विचारलं.

"घरी," ती म्हणाली. "गुरुवारी."

"कुठल्या?"

मागचा गलबला कमी झाला, ती बाजूला गेली असावी. मग एकदम भरल्या आवाजात, "अहो... घर एकच आहे ना आपलं."

मी गुरुवारचं विचारत होतो!

पण आता ते सांगणार कसं? ती रडत होती. मीही, म्हणजे, गॅलरीत वारा होता. मी म्हटलं, "हो. एकच आहे." तिनं फोन ठेवला.

हॉलमध्ये आलो. सगळे उभेच. "येतेय," मी म्हटलं. पारेखभाईंनी मला मिठीच मारली. आईनं डोळ्यांना पदर लावला आणि विचारलं, "कवा?"

"गुरुवारी."

"कोन्त्या बेस्तरवारी? ह्या का पुढच्या?"

"ते विचारायचं राहिलं."

मुक्तानं लगेच फोन उचलला. "मी विचारते आईला."

"नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की पारेखभाईंच्या हातातली ढोकळ्याची बशी हलली. "कोणी काही विचारायचं नाही."

मुक्तानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग फोन खिशात घातला.

आम्ही दोन्ही गुरुवारी एअरपोर्टला गेलो.